मादक द्रव्यें आणि मेंदू : व्यसन जडतें कसें व सुटतें कसें

शेतीच्या मासिकांत दारू-तंबाखूचा विषय कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, ज्या कारणांनीं जमीन कुटुंबाच्या हातून जाते त्यांत अवर्षण, कर्ज व भाऊबंदकी यांच्या बरोबरीनें व्यसनाचें नांव घ्यावें लागतें. बीं, खत व औजारें यांवरील खर्च आपण वहींत मांडतों. व्यसनाचा खर्च वहींत सांपडत नाहीं. तो पुढें सात-बाराच्या उताऱ्यावर उमटतो.

मावळांत तर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. इंद्रायणी व पवना यांच्या खोऱ्यांत भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या बापजाद्यांनीं एकरकमी मोठा पैसा क्वचितच पाहिला होता. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग पुरा झाला, तळेगांवकडे कारखाने आले, लोणावळ्याच्या आसपास बंगले व हॉटेलें उठलीं, आणि खाचरांस सोन्याचा भाव आला. जमीन विकल्यावर पैसा राहतो, पण पहांटे उठून करण्याचें काम राहत नाहीं. हातांत पैसा, दिवस रिकामा व रस्त्यावर दुकान, अशी ही त्रयी आहे. तिच्यांतून तरुण मुलगा सुखरूप बाहेर पडावा अशी ज्यांची इच्छा आहे त्यांनीं व्यसन हें काय प्रकरण आहे तें नीट समजून घेतलें पाहिजे.

व्यसनी मनुष्य म्हणजे दुबळ्या मनाचा किंवा दुष्ट बुद्धीचा मनुष्य, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. म्हणून आपण त्यास शपथा घालतों, मारतों, कोंडतों, किंवा 'लग्न करून द्या, म्हणजे सुधारेल' असें म्हणून एका परक्या मुलीचा संसार पणास लावतों. गेल्या सत्तर वर्षांतील संशोधनावरून असें दिसून आलें आहे कीं, दीर्घकाळ घेतलेलें मादक द्रव्य मेंदूच्या घडणींतच फरक करतें. हा फरक कसा होतो हें समजलें म्हणजे कोणता उपाय लागू पडेल व कोणता पडणार नाहीं हेंही समजतें.

वनस्पतींचीं शस्त्रें

तंबाखूचीं पानें पाण्यांत उकळून, त्या काढ्यांत साबणाचें पाणी मिसळून तो माव्यावर फवारण्याची रीत जुन्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. काढ्यांतील जें द्रव्य किडीस मारतें तें निकोटीन होय. तंबाखूचें झाड तें आपल्या मुळांत तयार करतें व पानांत सांठवितें. पानें किडीनें कुरतडलीं कीं त्याचें प्रमाण वाढवितें. झाडास पळतां येत नाहीं, तेव्हां विष हेंच त्याचें शस्त्र. भातावरील तुडतुड्यांसाठीं जें इमिडाक्लोप्रिड नांवाचें औषध आपण वापरतों, तें याच निकोटीनच्या नमुन्यावर बनविलेलें आहे, आणि तें कीटकाच्या मज्जापेशींत निकोटीन जेथें बसतें तेथेंच जाऊन बसतें.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, मनुष्याच्या मज्जापेशींतही तशाच जातीची जागा असते. शरीर मोठें व मात्रा लहान, म्हणून मनुष्य मरत नाहीं. त्यास तरतरी येते इतकेंच. ओल्या तंबाखूच्या पानांत दिवसभर राबणाऱ्या मजुरास मळमळ व घेरी येते, कारण पानांवरील दंवांत उतरलेलें निकोटीन कातडींतून अंगांत शिरतें.

खसखशीच्या बोंडास चीर दिली असतां निघणारा चीक म्हणजे अफू, आणि भांगेच्या मादी-झाडाच्या फुलोऱ्यावरील चिकट राळ म्हणजे गांजाचें सत्त्व. दारूची कथा थोडी वेगळी. ती कोणत्याही झाडाचें शस्त्र नाहीं. किण्व नांवाचे सूक्ष्म जीव साखर खाऊन जो मद्यार्क टाकतात तीच दारू. लोणावळ्यास गुळाची चिक्की होते व त्याच परिसरांत काळ्या गुळाची भट्टीही लागते. एक पोटांत जाऊन बळ देते, दुसरी मेंदूंत जाऊन तें हिरावून घेते.

मेंदूंतील देवघेव

मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्या एकमेकींस चिकटलेल्या नसतात. दोहोंच्या मध्यें अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीस दुसरीस निरोप द्यावयाचा असेल तर ती त्या फटींत एक रासायनिक द्रव्य सोडते. पलीकडच्या पेशीवर त्या द्रव्यासाठीं जणूं कुलपें बसविलेलीं असतात. द्रव्यरूपी किल्ली कुलपांत बसली कीं निरोप पोहोंचला. काम झाल्यावर किल्ली काढून घेतली जाते. आनंद, भीति, झोंप, वेदना, स्मरण हे सर्व व्यवहार या देवघेवीनें चालतात.

मादक द्रव्य म्हणजे या कुलपांस लागू पडणारी चोरकिल्ली. निकोटीन हें अॅसिटिलकोलीन नांवाच्या निरोप्याच्या कुलपांत शिरतें. अफूचीं कुलपें मेंदूंत आहेत असें १९७३ सालीं सिद्ध झालें. तेव्हां प्रश्न उपस्थित झाला कीं, झाडाच्या चिकासाठीं मनुष्याच्या मेंदूंत कुलूप कशास असावें? १९७५ सालीं स्कॉटलंडमध्यें ह्यूजेस व कोस्टरलिट्झ यांनीं त्याचें उत्तर दिलें : मेंदू स्वतःच अफूसारखीं वेदनाशामक द्रव्यें तयार करतो, आणि तें कुलूप त्यांच्यासाठीं आहे. १९९२ सालीं गांजाच्या कुलपाची घरची किल्लीही सांपडली. शोधकांनीं तिचें नांव आपल्या संस्कृतांतील 'आनंद' या शब्दावरून ठेवलें, आनंदमाइड. तात्पर्य, दुःख शमविण्याची व आनंद देण्याची सामग्री निसर्गानें प्रत्येकाच्या डोक्यांत घालूनच पाठविली आहे.

दारूस मात्र असें एकच कुलूप नाहीं. मेंदूस शांत करणाऱ्या निरोप्याचा जोर ती वाढविते व उत्तेजित करणाऱ्याचा घटविते. म्हणून प्रथम संकोच सुटतो, मग जीभ, मग पाय, आणि शेवटीं शुद्ध.

गोडीचा पाट

वरील द्रव्यें निरनिराळ्या दारांनीं आंत शिरलीं तरी तीं अखेर एकाच ठिकाणीं पोहोंचतात. १९५४ सालीं कॅनडांत मॉन्ट्रियल येथें ओल्ड्स व मिल्नर या दोघांनीं उंदरांच्या मेंदूंत बारीक तार बसवून, दांडी दाबली कीं तेथें विजेचा सौम्य झटका बसावा अशी योजना केली. मेंदूच्या कांहीं भागांत तार असतां उंदीर तासांत शेकडों वेळां ती दांडी दाबूं लागले. पुढील शोधांत असें दिसलें कीं, मेंदूच्या बुडाशीं असलेल्या पेशींच्या एका लहान पुंजक्यांतून एक पाट वर जातो, आणि त्यांतून डोपामीन नांवाचें द्रव्य वाहतें. भूक लागली असतां भाकरी, तहान लागली असतां पाणी, मुलाचें हंसणें, शेजाऱ्यानें केलेली स्तुति, यांनीं हा पाट वाहता होतो व मेंदू मनाशीं नोंद करतो, 'हें हिताचें, पुन्हां करावें.'

ही नोंद नुसत्या सुखाची नसते, ती अपेक्षेची असते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनीं माकडांवर केलेल्या प्रयोगांत, दिवा लागला कीं फळांचा रस मिळे. आरंभीं रस मिळतांना डोपामीन-पेशी जाग्या होत. कांहीं दिवसांनीं दिवा लागतांच जाग्या होऊं लागल्या. आणि दिवा लागून रस न मिळाला तर त्यांचें काम नेहमीपेक्षांही खालीं गेलें. पेंडेच्या घमेल्याचा आवाज ऐकून बैल मान वर करतो तें आपण रोज पाहतों. दारूच्या दुकानाचा रस्ता, ठराविक मित्र, संध्याकाळची वेळ, चुन्याची डबी हीं व्यसनी मनुष्याचीं घमेलीं होत. द्रव्य अजून तोंडांत गेलेलें नसतें, पण पाट सुटलेला असतो; आणि तें न मिळाल्यास जी तळमळ होते तीस आपण तल्लफ म्हणतों.

मादक द्रव्यें हा पाट भाकरीपेक्षां, स्तुतीपेक्षां व संततिसुखापेक्षांही अधिक वेगानें सोडतात. बिडीचा झुरका घेतल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आंत निकोटीन मेंदूंत पोहोंचतें. जितकें द्रव्य लौकर पोहोंचतें तितकी त्याची नोंद पक्की होते.

सवय कां जडते

खाचरांत पाणी बेताबाहेर येऊं लागलें तर शहाणा शेतकरी वरच्या बांधाचें तोंड बुजवितो. मेंदूही तेंच करतो. रोज पूर येतो असें दिसलें कीं तो कुलपांची संख्या कमी करतो किंवा त्यांचा बोथटपणा वाढवितो. त्यामुळें पूर्वीच्या मात्रेनें पूर्वीची धुंदी येत नाहीं व मात्रा वाढवावी लागते. ही पहिली पायरी.

दुसरी पायरी याहून कठीण. तोंड बुजविलेलें असतां वरून पाणी अजिबात थांबलें तर खाचर कोरडें पडणारच. घरचा डोपामीन तुटपुंजा व कुलपें कमी, अशा मेंदूस साध्या सुखाची चव लागत नाहीं. पीक चांगलें आलें तरी आनंद नाहीं, मूल जवळ आलें तरी माया फुटत नाहीं. हातपाय कांपतात, झोंप उडते, चिडचीड होते. मनुष्य आतां सुखासाठीं पीत नाहीं, हें दुःख टळावें म्हणून पितो. घरच्यांस वाटतें कीं यास आमची माया उरली नाहीं. वस्तुतः माया गेलेली नसते. ती जाणवण्याचा मार्ग बुजलेला असतो.

तिसरी पायरी विवेकाची. कपाळामागील मेंदूचा भाग लगामाचें काम करतो : पुढचा विचार, मोहाचा आवर, हिशेब. दीर्घ व्यसनानें हाच भाग मंदावतो. जनावर उधळलें आणि कासराही तुटला, अशी ती स्थिति होते. सकाळीं मनापासून शपथ घेणारा मनुष्य संध्याकाळीं ती मोडतो यांत लबाडी असतेच असें नाहीं.

सर्वांसच कां नाहीं

एकाच पंक्तीस बसलेल्या चौघांपैकीं एकच व्यसनांत कां बुडतो? अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणीचे आंकडे १९९४ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत, द्रव्य एकदां तरी घेऊन पाहणाऱ्यांपैकीं किती जण पुढें त्याच्या आधीन झाले, हें पुढीलप्रमाणें आढळलें : तंबाखू सुमारें ३२ टक्के, हेरॉइन २३ टक्के, दारू १५ टक्के व गांजा ९ टक्के. ज्या तंबाखूस आपण व्यसनांत गणीतही नाहीं, ती या यादींत सर्वांच्या वर आहे.

व्यसनाकडे कल असण्यांत सुमारें निम्मा वांटा आनुवंशिकतेचा असतो. ज्याच्या बापास वा चुलत्यास दारूनें नेलें, त्यानें 'मी एवढ्यावरच थांबेन' अशी प्रौढी मारूं नये. दुसरें कारण वय. लगामाचा जो भाग वर सांगितला तो पंचविशीच्या सुमारास पूर्ण घडतो. तोंवर कच्च्या मडक्यावर बोट उमटावें तसें व्यसन उमटतें. तिसरें कारण भोंवतालची परिस्थिति. व्हिएतनामच्या लढाईंत अमेरिकेचे पुष्कळ शिपाई हेरॉइनच्या आधीन झाले होते. ते घरीं परतल्यावर ली रॉबिन्स या विदुषीनें त्यांची पाहणी केली, तेव्हां बहुतेकांचें व्यसन सुटलेलें आढळलें. जागा बदलली, सोबत बदलली, रणांगणाचा ताण गेला व हाताला काम मिळालें, याचा हा परिणाम. यावरून काम व सोबत यांचें महत्त्व वाचकांनीं ओळखावें.

आपल्याकडील द्रव्यें

*तंबाखू.* पोर्तुगीजांबरोबर ही वनस्पति दक्षिणेंत आली, आणि इ. स. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग यानें ती विजापुराहून अकबराच्या दरबारीं नेली. आज २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील दर १०० प्रौढांपैकीं सुमारें २७ जण ती घेतात, आणि त्यांतील बहुतेक ओढीत नाहींत, चघळतात किंवा दांतांस लावतात. आमच्या बायकांची मिश्री ही दंतमंजन नव्हे. ती जाळलेली तंबाखू आहे. लहान मुलीस 'दांत दुखतो तर लाव थोडी' असें सांगणारी आजी तिच्या हातीं एक जन्माचें बंधन देत असते. गरोदरपणीं मिश्री लावणाऱ्या स्त्रियांचीं मुलें कमी वजनाचीं जन्मतात असें आढळलें आहे. मुखाच्या कर्करोगाविषयीं तर वेगळें सांगावयास नको. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालापासून बंदी आहे.

*दारू.* लावणीच्या दिवसांत घाटमाथ्याच्या पावसांत ऊब यावी म्हणून मजुरांस दारू देण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. ही समजूत खोटी आहे. दारूनें कातडीखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. पण त्याच वाटेनें शरीराची उष्णता बाहेर निघून जाते व अंग अधिकच गार पडतें. हातभट्टीच्या दारूंत मिथेनॉल मिसळलेलें असल्यास शरीरांत त्याचें फॉर्मिक आम्ल होतें व तें प्रथम डोळ्यांचा मज्जातंतु जाळतें. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईंत मालवणी येथें अशा दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं.

*गांजा व अफू.* गांजा 'साधुसंतांचा' म्हणून निरुपद्रवी मानणारे पुष्कळ आहेत. पोरवयांत त्याचें नित्य सेवन केल्यास स्मरण व अभ्यास यांस धक्का बसतो, आणि ज्यांच्या घराण्यांत वेडाचा आजार आहे त्यांस तो विशेष घातक होय. शिवाय मक्याच्या वा उंसाच्या आडोशानें चार झाडें लावण्याचा मोह कोणास झालाच, तर त्यानें लक्षांत ठेवावें कीं १९८५ च्या कायद्याप्रमाणें त्या लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

सुटकेचा मार्ग

आनंदाची गोष्ट ही कीं, मेंदू जसा बिघडतो तसा सांवरतोही. बुजविलेलें तोंड हळूहळू उघडतें. मात्र त्यास महिने, कधीं वर्षें लागतात. म्हणून पुढील सूचना लक्षांत घ्याव्या.

१. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरीं एकाएकीं तोडूं नये. इतके दिवस दाबून ठेवलेला मेंदू स्प्रिंगेसारखा उसळतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊं शकतात, आणि दुसऱ्या ते चवथ्या दिवशीं भ्रम होऊन प्राणही जाऊं शकतो. हें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच झालें पाहिजे. तंबाखूच्या बाबतींत हें भय नाहीं. ती एकदम सोडण्यास हरकत नाहीं.

२. औषधें आहेत. तंबाखूसाठीं निकोटीनची गोंदवडी, दारू व अफूसाठीं तल्लफ कमी करणारीं औषधें डॉक्टर देतात. व्यसनी मनुष्यास नकळत, चहांतून वा भाजींतून औषध घालूं नये. दारूवर घेतल्यास जीवावर बेतणारींही कांहीं औषधें आहेत.

३. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं २९ ऑगस्ट १९८६ रोजीं मुक्तांगण हें व्यसनमुक्ति-केंद्र सुरू केलें, त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं आर्थिक साहाय्य केलें. तेथें रुग्णास अपराधी न समजतां आजारी समजलें जातें, व बरे झालेले लोकच नव्यांस हात देतात. मावळांतून तें दूर नाहीं. सरकारची विनामूल्य दूरध्वनि-सेवा १४४४६ या क्रमांकावर, व तंबाखूसाठीं १८००-११-२३५६ वर मिळते.

४. तल्लफ ही लाटेसारखी असते. ती बहुधा कांहीं मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ निभावून नेण्यास चालणें, पाणी पिणें, संथ श्वसन यांचा उपयोग होतो. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामांचा अभ्यास शास्त्रीय यंत्रांच्या साहाय्यानें करण्यास आरंभ केला. तो वारसा आपल्या दाराशीं आहे. मात्र प्राणायाम हा उपचारास जोड आहे, उपचाराचा पर्याय नव्हे.

५. घसरण झाल्यास सर्व संपलें असें मानूं नये. उपचारानंतर पुन्हां व्यसनाकडे वळण्याचें प्रमाण ४० ते ६० टक्के असतें, म्हणजे रक्तदाब व दमा यांत पथ्य मोडून आजार उलटण्याइतकेंच. पथ्य मोडलेल्या रोग्यास आपण घराबाहेर काढीत नाहीं, पुन्हां वैद्याकडे नेतों.

६. जमिनीची किंमत एकरकमी हातीं येईल तेव्हां ती कुटुंबांतील स्त्रीच्या संयुक्त सहीवांचून निघूं नये अशी बॅंकेंत व्यवस्था करावी, आणि तरुण मुलास पैशाआधीं काम द्यावें.

७. मजुरीचा कोणताही भाग दारूच्या वा तंबाखूच्या रूपानें देऊं नये. ही जबाबदारी सर्वस्वीं आपणां जमीनमालकांची आहे.

कायद्याचें साहाय्यही घ्यावें, पण त्यावरच विसंबूं नये. महात्मा फुले यांनीं १८८० सालींच पुणें नगरपालिकेस पत्र लिहून वाढत्या दारू-दुकानांविषयीं तक्रार केली होती. १९९३ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत लोकांच्या चळवळीनें दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. आपल्या राज्यांत स्त्री-मतदारांच्या बहुमतानें गांवचें दुकान बंद करतां येतें, आणि अनेक गांवांनीं तें केलें आहे. परंतु दुकान बंद झालें तरी ज्याच्या मेंदूंत व्यसन भिनलें आहे त्याची तहान बंद होत नाहीं. त्यास औषध, काम व सोबत तिन्ही लागतात.

खारावलेली जमीन पहिल्या पावसांत सुधारत नाहीं, म्हणून कोणी ती टाकून देत नाहीं. चर खणून, हिरवळीचें खत गाडून, दोन-तीन वर्षें धीर धरून ती पुन्हां लागवडीस आणतात. आपल्या घरांतील मनुष्याविषयीं तेवढा धीर व तेवढी मेहनत करण्यास शेतकऱ्यानें मागेंपुढें पाहूं नये, एवढीच विनंति आहे.